ना हरकत

मुरसान त्या वकिलातीत माळी म्हणून लागला तेव्हा पस्तिशीत होता. आता साठीला टेकला होता. या पंचवीस वर्षांतली पहिली एकोणीस वर्षं बंगल्यात माणसं होती. राजदूत बदलत गेले, त्यांची बायकापोरं, कचेरीतले लोक, दोन स्वयंपाकी, एक ड्रायव्हर, सगळा गजबजाट. मागची सहा वर्षं मात्र तिथे मुरसानशिवाय कुणी नव्हतं. दोन देशांचं बिनसलं होतं. का बिनसलं ते जकार्ताच्या सगळ्या वर्तमानपत्रांत आलं होतं, पण मुरसानला विचारलं असतं तर त्याला धड सांगता आलं नसतं.

त्याला आठवत होती ती शेवटची दुपार. फाटकाबाहेर दोन-तीन हजार माणसं जमली होती. रस्त्यात टायर जळत होते. राजदूताची बायको आणि तिच्या दोन मुली बिनखिडकीच्या दप्तरखान्यात बसल्या होत्या, आणि मुरसान जिन्याच्या तळाशी वाळूची बादली घेऊन उभा होता. वरच्या मजल्याच्या झाडून सगळ्या काचा फुटल्या. पण फाटकावर कुणी चढू शकलं नाही. बाहेर पोलिसांनी कडं केलं होतं. ते पोलीस दगड मारणाऱ्यांच्याच जातकुळीतले, त्याच गल्ल्यांत वाढलेले. आतल्या परक्यांवर त्यांचं काही प्रेम उतू जात नव्हतं. तरी ते तीन तास हलले नाहीत. तोबिंग नावाच्या एका शिपायाची भुवई दगडाने फुटली. रक्त पुसत तो तसाच उभा राहिला.

संध्याकाळी राजदूत स्वतः स्वयंपाकघरात आला. कोरडा, मोजून बोलणारा माणूस. इंडोनेशियाची भाषा त्याला तोडकीमोडकी येत होती. तो म्हणाला, "मुरसान, त्यांनी आपल्याला वाचवलं ते दयेपोटी नाही. सगळ्या देशांनी मिळून एक गोष्ट कबूल केलीय. या फाटकातून आमच्या परवानगीशिवाय कुणीही आत येणार नाही. पोलीस नाही, लष्कर नाही, तुमचा राष्ट्राध्यक्षसुद्धा नाही. हे एकदा मोडलं की मग कुठेच कुणी सुरक्षित नाही."

मुरसानला ते पटलं. त्याने ते डोळ्यांनी पाहिलंच होतं.

चौथ्या दिवशी सगळे गेले. जाताना राजदूताने त्याला किल्ल्यांचा जुडगा दिला आणि हात मिळवला. त्याआधी कुठल्याच राजदूताने मुरसानशी हात मिळवला नव्हता. बंगल्याची जबाबदारी तिसऱ्याच एका देशाच्या वकिलातीने घेतली. जगात तशी रीत आहे म्हणे. त्या वकिलातीतून रेत्नो नावाच्या बाई दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी येत. सगळ्या खोल्या फिरून बघत, दप्तरखान्याच्या दारावरचं लाखेचं सील तपासत, वहीवर सही करत आणि जात. मुरसानने रोज सकाळी खिडक्या उघडायच्या, दुपारी लावायच्या, नळ सोडून बघायचे, लादी पुसायची, गवत कापायचं. चौदा खोल्या. वाळवी कुठे लागत्येय का ते बघायचं. स्वयंपाकघरामागच्या दोन खोल्यांत तो राहायचा. पाहुणे आत आणायचे नाहीत, एवढी एकच अट होती, आणि त्याला पाहुणे असे नव्हतेच. बायको तरुणपणीच गेली होती, मूलबाळ नव्हतं.

होती ती मोठी बहीण, रोहाया. गल्ली उतरून दोनशे पावलं खाली गेलं की चिलिवुंग नदीच्या काठाला वस्ती लागते, तिथे ती एकटी राहायची. आई गेली तेव्हा मुरसान सहा वर्षांचा होता आणि रोहाया पंधराची. तिने त्याला भरवलं, मारलं, शाळेत घातलं. तो तिला एम्पोक म्हणायचा, म्हणजे ताई. अजूनही तो दुपारचं तिच्याकडेच जेवायचा. भात, सोयाबीनचं तेंपे, संबालची तिखटजाळ चटणी. तिला दम्याचा त्रास होता. बोलताना मधेच थांबायची आणि हाताने 'थांब जरा' अशी खूण करायची. मुलगी सापुरो लग्न होऊन तांगेरांगला गेली होती, बुटांच्या कारखान्यात होती.

वस्तीत मुरसानला सगळे हसायचे, पण प्रेमाने. बाक्सोची, म्हणजे मांसाच्या गोळ्यांच्या रश्शाची, गाडी ढकलणारा नावी तर त्याला कधी नावाने हाक मारायचा नाही. "काय राजदूतसाहेब, आज आपल्या देशात काय बातमी?"

"पाऊस आहे," मुरसान म्हणायचा.

"आमच्याकडे पण पाऊसच आहे. म्हणजे दोन्ही देशांचे संबंध चांगले दिसतात."

त्या फेब्रुवारीत पाऊस लागला तो बुधवारपासून. इथे तर होताच, पण वर बोगोरलाही ओतत होता, आणि तिकडचं पाणी सुटलं की इथे काय होतं ते नदीकाठच्या लोकांना सांगावं लागत नाही. गुरुवारी लोकांनी सामान माळ्यावर चढवलं. दरवर्षीचंच, गुडघाभर येईल आणि जाईल असा त्यांचा हिशेब. शुक्रवारी सकाळी सात वाजता पाणी छातीला लागलं. नऊ वाजता वस्तीतल्या मशिदीचा खालचा मजला बुडाला आणि माणसं गल्ली चढून वर येऊ लागली.

वर येऊन जायचं कुठे? शाळा पाण्यापलीकडे होती. गल्लीत चार-पाच मोठे बंगले. एका घराने गाड्यांचं गॅरेज मोकळं करून बारा-पंधरा माणसं आत घेतली. दोन घरांनी फाटकाला आतून कुलूप लावलं आणि कुत्री सोडली. राहिली ती वकिलात. सगळ्यांत उंच जोतं, दोन मजले, चौदा कोरड्या खोल्या, आणि आत एकटा मुरसान.

साडेनवाला फाटकाबाहेर साठेक माणसं उभी होती. डोक्यावर प्लॅस्टिकचे कागद, बादल्या, एकाच्या हातात कोंबडा. नावीची सून पोराला ओढणीआड धरून उभी होती; पोर अकरा दिवसांचं. फाटकाला लागून पोलिसाची चौकी होती, एक माणूस जेमतेम बसेल एवढी. तिच्यात तोबिंगने तीन म्हाताऱ्या बसवल्या होत्या आणि स्वतः पावसात उभा होता. तोच तोबिंग, भुवईवर व्रण असलेला. भांडण मिटलं नव्हतं म्हणून पहाराही उठला नव्हता.

नावी गजांशी आला. चेष्टेची सवय अशी की तेव्हाही त्याच्या तोंडून तेच निघालं. "राजदूतसाहेब, पाहुणे आलेत. चहापाणी राहू दे, निदान दार तरी उघडा."

"नावी, माझ्या हातात नाही रे."

"मग किल्ली कुणाच्या कमरेला आहे?"

"किल्ली माझ्या कमरेला आहे. घर माझं नाही."

"तेवढी अक्कल आम्हालाही आहे. ज्याचं घर आहे तो कुठाय? सहा वर्षांत एकदा तरी थोबाड दाखवलंय का त्याने?" नावीचा आवाज चढला. चेष्टा सोडून तो 'बांग', दादा, म्हणाला. "पोर अकरा दिवसांचं आहे, बांग. अकरा."

मुरसान तोबिंगकडे बघत राहिला. तोबिंग म्हणाला, "माझ्याकडे बघू नका. मला हुकूम एकच, फाटकातून कुणी आत जाता कामा नये. मी काय बायकापोरांवर बंदूक थोडीच रोखणार आहे? पण उघडा असं तरी कुठल्या तोंडाने सांगू?"

"वर विचारा ना, पाक तोबिंग," मुरसान अदबीने म्हणाला.

तोबिंगने ठाण्यावर फोन लावला. ठाण्याने परराष्ट्र खात्यात लावला. अर्ध्या तासाने उलट फोन आला. तोबिंगने तो कानाला लावून ऐकला आणि पलीकडचा माणूस बोलेल तसं मोठ्याने म्हणून दाखवलं, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल. "वकिलातीच्या प्रमुखांची परवानगी लागेल. हो साहेब. पण प्रमुख इथे नाहीत. हो, संबंध तुटलेत, ते माहीत आहे. संबंध तुटले तरी जागेला हात लावायचा नाही. बरं. आपल्या अखत्यारीत नाही. बरं साहेब. राखणीला आहात, राखण करा. हो साहेब."

त्याने फोन खाली ठेवला. चौकीतली एक म्हातारी म्हणाली, "साहेब भला दिसतो. किती वेळ बोलला." कुणीतरी हसलंसुद्धा.

मग मुरसानने आतून रेत्नोबाईंना फोन केला. फोन लागला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही तोडलं नाही.

"पाक मुरसान, किती माणसं आहेत?"

"साठ. वाढतायत."

"मी आत्ता आमच्या राजदूत मॅडमना सांगते. मॅडम त्यांच्या राजधानीला तार करतील. ते तुमच्या बंगल्याच्या मालकांना विचारतील. पण तिकडे आत्ता मध्यरात्र आहे हो. त्यांची सकाळ होईपर्यंत इथे रात्र होईल, आणि मग शनिवार, रविवार."

"बू, मी काय करू?" बाईंना तो आदराने 'बू'च म्हणायचा.

बाई म्हणाल्या, "मी तुम्हाला हो म्हणू शकत नाही. मला तो अधिकारच नाही, मॅडमनाही नाही. आम्ही नुसते सांभाळणारे. आणि नाही म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तुम्ही..." इतक्यात फोनमध्ये खरखर झाली आणि लाइन गेली. ती पुढे चार दिवस आली नाही.

'तुम्ही' नंतर बाई काय म्हणणार होत्या, ते मुरसानने त्यांना पुढे कधी विचारलं नाही.

तो परत फाटकाशी आला तेव्हा रोहाया आली होती. एका हातात कपड्यांचं गाठोडं, दुसऱ्या हातात चपला. लुंगीसारखा सारोंग नेसलेली, तो मांडीपर्यंत भिजलेला. ओठ निळसर. ती गर्दीच्या मागे भिंतीला टेकून उभी राहिली. पुढे आली नाही. त्याच्याकडे बघितलं, मान हलवली, जशी रोज दुपारी तो जेवायला आला की हलवायची.

तोबिंगनेही तिला पाहिलं. त्याने मुरसानला गजांपाशी बोलावलं आणि हळूच म्हणाला, "बांग, तुमची बहीण ना? बाजूच्या दिंडीतून घ्या आत. नोकराची बहीण म्हणजे घरचंच माणूस. मी तिकडे तोंड करून उभा राहतो."

मुरसान बाजूच्या दिंडी दरवाजाने बाहेर गेला. गर्दीने त्याला वाट दिली. "एम्पोक, चल," तो म्हणाला. "माझ्या खोलीत बस. कोरडे कपडे आहेत."

"आणि हे?"

"यांचं वरून विचारलंय. उत्तर येईल."

"कधी?"

मुरसानने फाटकाकडे बघितलं.

रोहायाने हाताने 'थांब जरा' अशी खूण केली, दोन-तीन श्वास घेतले आणि म्हणाली, "एकटी येऊन काय करू सान? त्या पोरीला घे. बाळंतीण आहे."

"तिला नाही घेता येत. तू माझी बहीण आहेस, तुला घेता येतं."

"मग राहू दे."

ती रागावली नव्हती. आवाजात टोमणा नव्हता. बाजारात भाजी महाग म्हणाली असती तसं म्हणाली. मुरसानने तिचं गाठोडं धरलं. तिने ते हळूच सोडवून घेतलं. माणसं ऐकत होती आणि ऐकत नसल्यासारखं दुसरीकडे बघत होती.

मुरसान परत आत गेला आणि दिंडीला कडी घातली. त्याला त्या वेळी काय वाटलं हे त्याला पुढे कुणालाही सांगता आलं नाही. खूप वेळ मांडी घालून बसलं की पाय बधिर होतो, मग चिमटा काढला तर कळतं की कुठेतरी काहीतरी होतंय, पण ते आपल्याला होत नाही. तसं काहीसं. त्याच्या डोक्यात राजदूताचं वाक्य होतं आणि जिन्याखालची ती दुपार होती. हे एकदा मोडलं की. आज ही माणसं आपली आहेत, भली आहेत. पण तेव्हाही बाहेर याच गावची माणसं होती, आणि त्यातली निम्मी एरवी भलीच होती. असा तो विचार करत होता, किंवा विचार करतोय असं त्याला वाटत होतं. हात मात्र आपले आपण कामाला लागले होते. त्याने आपली चटई, आपली दोन पांघरुणं, आपला रेनकोट फाटकावरून बाहेर दिला. चूल पेटवून पातेलंभर भात केला आणि केळीच्या पानांत बांधून गजांतून दिला. मग तो बागेच्या ताडपत्रीपाशी येऊन थांबला. ताडपत्री सामानाच्या यादीत होती.

"आता ताडपत्रीसाठी पण तार करायची का?" तोबिंग बाहेरून ओरडला.

मुरसानने ताडपत्री दिली. माणसांनी ती फाटकाच्या गजांना आणि समोरच्या झाडाला बांधली. फाटकाच्या आत, दहा पावलांवर, रुंद व्हरांडा होता. तिथली लादी त्याने सकाळीच पुसली होती.

दुपारी चारला लष्कराचा ट्रक आला आणि बायका, म्हातारी माणसं, पोरं यांना बाजाराच्या इमारतीत घेऊन गेला. तिचा वरचा मजला रिकामा होता म्हणे. रोहायाला दोघांनी उचलून ट्रकमध्ये घातलं. ट्रक वळेपर्यंत मुरसान गजांशी उभा होता. रोहाया दुसऱ्या बाजूला तोंड करून बसली होती, त्यामुळे तिला तो दिसला नसावा.

शनिवारी त्याने तोबिंगला लक्ष ठेवायला सांगितलं आणि कमरेएवढ्या पाण्यातून बाजारापर्यंत गेला. वरच्या मजल्यावर तीनेकशे माणसं दाटीवाटीने बसली होती. भिंती नव्हत्या, नुसते खांब. पाऊस आडवा आत येत होता. रोहाया एका खांबाला टेकली होती, मुरसानचा रेनकोट अंगावर. त्याने आणलेला भात तिने दोन घास खाल्ला.

"खिडक्या लावून आलास ना?" तिने विचारलं.

"लावल्या."

"बरं केलंस." मग खोकल्याची उबळ आली आणि तिने रेनकोट तोंडाशी धरला. नंतर म्हणाली, "सापुरोला कळव. पण घाबरवू नकोस."

रविवारी तिला ताप चढला. स्वयंसेवकांनी रबरी होडीतून इस्पितळात नेलं. खाट नव्हती, व्हरांड्यात जमिनीवर जागा मिळाली. मुरसान तिच्या उशाशी बसला. नर्सने वाफ दिली, सुई दिली, आणि पुढच्या माणसाकडे गेली; तिच्याकडे तशी शंभर माणसं होती. रोहाया एकदा जागी झाली आणि आईच्या नावाने काहीतरी पुटपुटली. सोमवारी सकाळी साडेदहाला तिचा श्वास थांबला. मुरसानला ते पटकन कळलंही नाही. तिचं मधेच थांबणं त्याच्या ओळखीचं होतं.

त्याच दिवशी, उन्हं कलायच्या आत, तिला पुरलं. कबरीत खालून पाणी झिरपत होतं. दोघेजण डब्याने उपसत होते आणि इमाम घाईने दुआ म्हणत होता. नावी आला होता. त्याने खांदा दिला, मातीही टाकली. मुरसानशी बोलला नाही, पण परत येताना रस्त्यात चिखल होता तिथे त्याने मुरसानचा दंड धरला, आणि चिखल संपल्यावर सोडला. सापुरो रस्ते बंद असल्यामुळे मंगळवारी पोचली. ती आधी कबरीवर गेली. मग वस्तीत आईच्या घरी जाऊन फावड्याने गाळ काढायला लागली.

बुधवारी दुपारी रेत्नोबाई आल्या. अर्धी वाट पायी, गुडघ्यापर्यंत बूट, कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत. चौकीसमोर उभं राहून त्यांनी तो तोबिंगला दिला, कारण पहारेकऱ्याला आधी दाखवायचा असा नियम. तोबिंगने वाचला.

"तळमजला, व्हरांडा आणि आवार पूरग्रस्तांना तात्पुरतं वापरू देण्यास हरकत नाही. दप्तरखाना बंद राहावा. आत येणाऱ्यांची नोंद ठेवावी." त्याने कागदाची घडी घातली. "वरातीमागून घोडं. आता कुणाला आत घेऊ, बू? बेडकांना?"

"मी शुक्रवारीच तार लावून घेतली होती," रेत्नोबाई म्हणाल्या. "दिवसातून चार वेळा विचारत होते. खरं सांगते. पाक मुरसान, ते नाही म्हणाले नाहीत. पहिल्या दिवसापासून कुणीच नाही म्हणालं नाही. फक्त हो म्हणणारा माणूस सापडायला वेळ लागला."

मुरसान म्हणाला, "ठीक आहे, बू. बूट काढा, आत या. चहा करतो."

मग तोबिंगने बाईंना बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं. बाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. चहा झाला तेव्हा त्यांनी कप दोन्ही हातांनी धरला, पण प्यायल्या नाहीत.

कागदात लिहिलं होतं म्हणून मुरसानने फाटकाचे दोन्ही पल्ले उघडले. सहा वर्षांत ते कधी पुरते उघडले नव्हते. बिजागऱ्यांना तेल घालावं लागलं. राहायला कुणी आलं नाही. पाणी ओसरलं होतं, माणसं आपापल्या घरातला चिखल उपसत होती. पण विहिरी आणि नळ नासले होते, म्हणून दुसऱ्या दिवशी नावी दोन बादल्या घेऊन आला आणि फाटकाच्या रेषेवर थांबला.

"येऊ का?"

"ये. परवानगी आलीय."

"माहिताय. सगळ्या वस्तीला माहिताय."

मुरसानने वहीत त्याचं नाव लिहिलं. पुढचे आठ दिवस वस्ती वकिलातीच्या आवारातल्या नळावर पाणी भरत होती. बायकांनी हिरवळीवर धुणी वाळत घातली. नावीच्या सुनेने पोराला व्हरांड्यात पाय पसरून न्हाऊ घातलं. पोर ठणठणीत होतं. मुरसान फाटकाजवळ खुर्ची टाकून बसायचा आणि येणाऱ्याचं नाव, किती वाजता आला, किती वाजता गेला, ते लिहायचा. कुणी त्याला एका शब्दाने बोललं नाही. एखाद्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तोबिंग पुढे कधीतरी म्हणाला. मुरसानला तसंही वाटलं नाही. तो सकाळी खिडक्या उघडत होता, दुपारी लावत होता. दुपारी जेवायची वेळ झाली की त्याचे पाय गल्ली उतरायला लागायचे, मग वाटेत लक्षात यायचं आणि तो परत फिरायचा. असं कितीतरी दिवस झालं. भूक लागायची नाही, पण वेळ कळायची.

दोन वर्षांनी दोन देशांचं जुळलं. तेही वर्तमानपत्रांत आलं. नवे लोक आले, त्यांत एक तरुण सचिव होता. इथली भाषा अगदी स्वच्छ बोलणारा. हातात जुनी यादी घेऊन तो मुरसानबरोबर चौदाच्या चौदा खोल्या फिरला. दिवे, पडदे, चित्रं, जेवणाचं मोठं टेबल, त्याच्या चोवीस खुर्च्या. दप्तरखान्याचं सील जसंच्या तसं. त्याला खरोखर आश्चर्य वाटलं.

"पाक मुरसान, मी असं कुठेच पाहिलं नाही. मागे एका देशात आमची इमारत वर्षभर बंद होती, तर लोकांनी दरवाजेसुद्धा काढून नेले."

"इथे कुणी आलं नाही," मुरसान म्हणाला.

व्हरांड्यात आल्यावर सचिवाने पुराबद्दल विचारलं. त्याच्या फायलीत त्या दिवसांतल्या तारा होत्या, त्या त्याने वाचल्या होत्या. "त्या लोकांना शेवटी आत घेतलंत ना?"

"परवानगी आली तेव्हा घेतलं. बुधवारी."

"बुधवारपर्यंत थांबलात?" सचिव थबकला. चांगला मुलगा होता. त्याला खरंच वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्यामुळेच तो बोलून गेला. "अहो, तो नियम सरकारांसाठी आहे. पोलिसांनी, लष्कराने घुसू नये म्हणून. तुम्ही तर आमचंच माणूस. पुरातल्या बायकापोरांना व्हरांड्यात बसवलं असतं, तर कुणी तुम्हाला काही म्हणालं नसतं."

मुरसानने व्हरांड्याकडे पाहिलं. "हो का," तो म्हणाला. मग म्हणाला, "मागच्या खोल्यांच्या किल्ल्या वेगळ्या आहेत. त्या आणतो."

त्याने किल्ल्या आणून दिल्या. नव्या राजदूताने एका छोट्या समारंभात त्याला मानपत्र दिलं, अजून दोन वर्षं राहा म्हणून आग्रह केला. मुरसान म्हणाला, वय झालं. सामान एका पिशवीत मावलं.

तो रोहायाच्या घरी राहायला गेला. पुरानंतर सापुरो नवऱ्यासह तिथेच राहायला आली होती. कारखाना बंद पडला होता आणि ती दारात बसून नारळाच्या दुधात शिजवलेला उदुकचा भात विकत होती. तिने पुढची खोली त्याला दिली. दोन वर्षांत ती त्याच्याशी वाकडं वागली नव्हती, आणि त्या शुक्रवारबद्दल एक अक्षरही बोलली नव्हती. पहिल्या दिवशी दुपारी तिने त्याला भात वाढला, तेंपे वाढलं, समोर बसली.

"एन्चिंग," ती मामाला म्हणाली, "एक विचारू? लोक वेगवेगळं सांगतात. आईने आत यायला मागितलं होतं का तुझ्याकडे?"

"नाही."

"तू बोलावलंस?"

"बोलावलं. म्हणाली, एकटी येऊन काय करू."

सापुरोने थोडा वेळ त्याच्या ताटाकडे बघितलं. "असंच म्हणाली असेल," ती म्हणाली. "आणि तू काय म्हणालास?"

मुरसान आठवू लागला. त्या दिवसाचं त्याला सगळं आठवत होतं. कोंबडा, चपला, तोबिंगची ओली टोपी, कोणत्या बाईने पोराला कोणत्या खांद्यावर घेतलं होतं ते. पण रोहाया 'मग राहू दे' म्हणाल्यावर आपण काय बोललो, ते त्याने कितीही डोकं चालवलं तरी आठवेना.

"काही नाही म्हणालो," तो म्हणाला. "आत गेलो."

सापुरोने मान हलवली. बाहेर गिऱ्हाईक आलं होतं, तिला हाक मारत होतं. ती उठली, जाता जाता पातेल्याचं झाकण काढून त्याच्या जवळ सरकवलं आणि म्हणाली, "अजून घे. आज भात उरलाय."

मुरसानने अर्धा डाव भात घेतला आणि जेवू लागला.